शिवानी कुणाची टॉपर

लातुरात एक रीत आहे. ती कुठं लिहिलेली नाही, पण ट्यूशन एरियातल्या चहावाल्यापासून हॉस्टेलच्या मावशीपर्यंत सगळ्यांना ती ठाऊक आहे. नीटचा निकाल लागला की एकच पोरगी चार चौकांत चार क्लासच्या होर्डिंगवरून हसायला लागते. एका क्लासात ती खरंच बसलेली असते, दुसऱ्यात नुसती टेस्ट सिरीज दिलेली असते, तिसऱ्यात मैत्रिणीला सोडायला गेलेली असते, आणि चौथ्यानं तर फोटो नुसता उचललेला असतो. लोक म्हणतात, नवरी एक अन् वऱ्हाडं चार. हसतात, आणि पुढच्या वर्षी आपलं पोरगं घेऊन त्याच होर्डिंगाखाली उभे राहतात. यावरून कुणी भांडत नाही. निकाल शिकवणाऱ्याचा नसतो, ज्याचं होर्डिंग मोठं त्याचा असतो.

कहकशां शेख जन्मापासून लातूरची. गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत वाढलेली. तिला ही रीत माहीत नव्हती असं म्हणायला तोंड नाही. एम. एस्सी., बी. एड., पोरांना बायो शिकवता शिकवता कानाजवळचे केस पांढरे झालेली शहाणी बाई, आणि चूक केली ती अगदी नवशिक्यासारखी.

तिनं लग्न केलं नाही. का नाही, असं विचारणाऱ्या बायका अजून थकलेल्या नाहीत, आणि "सवड झाली न्हाई" हे तिचं उत्तरही बदललेलं नाही. घरात ती आणि तिचे अब्बा, जिलानी सर, रिटायर मास्तर. ज्या क्लासात तिनं उमेदीची सगळी वर्षं घातली, तो लॉकडाऊनमध्ये बंद पडला तो पडलाच. मालकानं त्याच हॉलात मंगल कार्यालय काढलं. जिथं कहकशां पेशीविभाजन शिकवायची तिथं आता बुंदी तळतात. तेव्हापासून ती घरी चार-पाच पोरींना शिकवत होती आणि कुठल्या कुठल्या क्लासात आजारी पडलेल्या मास्तरच्या जागी तास घेत होती. मोठे क्लास तिला उभं करत नव्हते. त्यांना कोट्याहून आलेली, टाय लावणारी तरणी पोरं पाहिजेत.

अशात संगमेश सरांच्या क्लासची जाहिरात आली. हा क्लास म्हणजे लातुरातला सगळ्यात मोठा. नाव सांगत नाही, सांगून कुणाचं भलं होणार आहे? बायोची एक जागा होती. वयाची अट नव्हती. फक्त खाली एक ओळ होती: अर्जासोबत डिजिटल पोर्टफोलिओ आवश्यक.

कहकशांला ती नोकरी हवी होती. पगारासाठी हवी होती, खोटं कशाला बोला. पण त्याहून जास्त हवा होता तो भरलेला वर्ग. दोनशे पोरं एकदम पेन खाली ठेवून आपल्याकडं बघतात तो क्षण ज्यानं अनुभवलाय, त्याला चार पोरींच्या बैठकीत करमत नाही. आणि तिला पक्कं कळत होतं, ही जागा गेली तर पुन्हा कुणी बोलावणार नाही.

"पोर्टफोलिओ म्हणजे काय ग?" अब्बांनी विचारलं.

"आपण कसं शिकवतो ते दाखवायचं, अब्बा. व्हिडिओ, फळ्याचे फोटो, मुलांचे निकाल. सगळं एका ठिकाणी ठेवायचं अन् लिंक पाठवायची."

अब्बा ताठ बसले. "सबूत म्हण की मग. बना बेटी, सबकुछ डाल. काही सोडू नको."

अब्बांच्या या बोलण्याला कारण होतं. भूकंपाच्या साली ते औशाकडच्या एका खेड्यात मास्तर होते. खोली करून राहायचे, सुट्टीला लातूरला यायचे. कहकशांला ताप आला म्हणून भूकंपाच्या आदल्या संध्याकाळी ते घरी आले, आणि वाचले. गाव उरलं नाही. शाळा, खोली, खोलीतली पेटी, पेटीतले डी. एड.चे कागद, नेमणुकीची ऑर्डर, सगळं दगडमातीखाली. संस्थेचे अध्यक्ष गेले, हेडमास्तर गेले, दप्तर गेलं. पुढं पत्र्याच्या शेडात शाळा भरली तेव्हा अब्बाच शिकवायचे, पण हजेरीपटावर त्यांचं नाव नव्हतं. तुम्ही मास्तर आहात हे कशावरून, असं साहेब विचारायचा. ज्या पोरांना शिकवलं त्यातली कितीतरी गाडली गेलेली, साक्ष कोण देणार? कितीतरी वर्षं हा माणूस ऑफिसांच्या पायऱ्या झिजवत राहिला, आणि मान्यता मिळाली तेव्हा मधल्या सगळ्या वर्षांवर पाणी सोडून मिळाली. तेव्हापासून ते किराण्याच्या दुकानातून आलेली चिठ्ठीसुद्धा फेकत नाहीत.

तर कहकशां कामाला लागली. फुकटातली वेबसाइट कशी बनवतात ते ती मोबाईलवर बघून बघून शिकली. पहिल्यांदा सगळे व्हिडिओ आडवे चढले, दुसऱ्यांदा तिचा स्वतःचा फोटो एवढा मोठा आला की अब्बा म्हणाले, "निवडणुकीला उभी हाय का?" पण जमलं. नुसते चांगले तास तिनं घातले नाहीत. फसलेले तासही घातले, आणि खाली लिहिलं की पोरांना कुठं कळलं नाही आणि दुसऱ्या दिवशी मी काय बदललं. आपली चूक आपणच चारचौघांत मांडायला छाती लागते.

आणि सगळ्यात वर तिनं घातला तो काळजाचा व्हिडिओ.

त्याचं असं झालं. क्लास मधेच बंद पडला तेव्हा ज्या पोरांनी नाव घातलं होतं त्यांना वाऱ्यावर कसं सोडायचं, म्हणून तिनं काही पोरांना घरातून फोनवर शिकवलं. कपडे वाळत घालायच्या दोरीला मोबाईल उलटा टांगायचा, खाली टेबल, टेबलावर कागद. त्या पोरांत एक होती शिवानी. रेणापूरच्या धोंडप्पांची पोरगी. धोंडप्पांचं किराणा दुकान, घर लिंगायताचं, गळ्यात लिंग, अंड्याचं टरफलसुद्धा उंबऱ्याच्या आत आलेलं नाही. शिवानी दुकानाच्या मागच्या खोलीत तांदळाच्या पोत्यांवर बसून तास ऐकायची, कारण रेंज तिथंच यायची.

हृदयाचा धडा कागदावर काढून पोरांना काही उमजेना. कहकशांनं एक दिवस खाटकाकडून बकऱ्याचं काळीज आणलं, टेबलावर ठेवलं आणि कात्रीनं उघडलं. व्हिडिओत पहिल्यांदा ऐकू येतो तो शिवानीचा आवाज: "शी! मॅडम! अप्पा आले तर मारतील मला!" मग फोन पालथा घातल्याचा आवाज. मग शांतता. आणि मग, फोन पुन्हा सरळ झाला असावा, तीच पोरगी हळूच विचारते, "मॅडम, ती झडप उलटी का उघडत न्हाई?"

"का न्हाई उघडत? तूच सांग."

"कुणीतरी धरून ठेवलंय का तिला?"

कहकशांचं बोट आत जातं, आणि झडपेला खालून बांधलेले पांढरे दोरे वर येतात, बारीक आणि चिवट. "हे बघ. यांनी धरलंय." पलीकडून पोरगी "अय्यो!" म्हणते, आणि त्या एका शब्दात सगळं येतं. शिकवणं कशाला म्हणतात ते त्या व्हिडिओत दिसायचं.

शिवानीला नीटमध्ये असे मार्क पडले की रेणापुरात फटाके वाजले. नांदेडला मेडिकलला लागली. आणि रिवाजाप्रमाणे होर्डिंगवर चढली. सगळ्यात मोठं होर्डिंग संगमेश सरांचं. तिथं ती शेवटच्या वर्षी टेस्ट सिरीजला जात होती.

आता तुम्ही म्हणाल, हे माहीत असून कहकशांनं त्याच संगमेश सरांना तो व्हिडिओ कसा पाठवला? तिचा हिशेब असा की होर्डिंग पालकांसाठी, पोर्टफोलिओ मास्तरांसाठी. दोघांची गाठ कशाला पडते? व्हिडिओखाली तिनं सरळ लिहिलं: विद्यार्थिनी शिवानी, रेणापूर. दोन वर्षं बायो माझ्याकडं. आता एम. बी. बी. एस.

मन्मथ सर तिचे जुने सोबती. बंद पडलेल्या क्लासात केमिस्ट्री शिकवायचे, आता संगमेश सरांकडं होते. त्यांनी लिंक उघडली आणि लगोलग फोन केला. "कहकशां, सगळं झकास हाय. तेवढं पोरीचं काढ."

"का? म्या शिकवलंय तिला."

"कोण न्हाई म्हणतंय? पण नाव कशाला घालून राहिली? आमच्या होर्डिंगवर हाय ती."

"सर, ते शिकवणं बघणार का पोरगी बघणार?"

मन्मथ सर नुसते "बरं बाई" म्हणाले. माणूस भला, पण भलेपणाला दोन वाक्यांपुढं जाऊ देत नाही.

बोलावणं आलं. डेमो झाला. कहकशांनं मूत्रपिंड शिकवलं, आणि शिकवता शिकवता ती कुठं आहे हेच विसरली. समोर पाच माणसं होती, पण तिला दोनशे दिसत होती. संगमेश सर मन लावून ऐकत होते. वाईट माणूस नाही हो तो. स्वतः एकेकाळी फिजिक्स शिकवायचा, अजून वर्गात जायची हौस आहे. डेमो संपल्यावर त्यांनी भिंतीवरच्या पडद्यावर तिचा पोर्टफोलिओ लावला, फसलेल्या तासांचं पान वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, असं लिहिणारा मास्तर मी पाहिला नाही. आमच्या सगळ्यांना हे करायला लावणार आहे." मग वर सरकवत सरकवत काळजाच्या व्हिडिओपाशी थांबले. "फक्त हे एवढं काढा, आणि जागा तुमची."

"सर, ते तर सगळ्यात चांगलं हाय."

"म्हणूनच काढा. शिवानी आमची आहे."

ते इतकं सहज म्हणाले की कहकशांला हसू फुटणार होतं. पण कुणीच हसत नव्हतं. मन्मथ सर टेबलावरच्या पेपरवेटकडं बघत होते.  एक व्हिडिओ. बोटाचं काम. आणि बाहेर तिच्यासाठी भरलेला वर्ग. तिच्या तोंडून निघालं, "विचार करून सांगते."

"विचार?" सरांच्या भुवया वर गेल्या. "बरं. उद्यापर्यंत."

तिथंच हो म्हणाली असती तर ही गोष्ट तिथंच संपली असती. पण ती घरी पोचायच्या आत व्हिडिओ तिच्याआधी लातूरभर पोचला. उघडी लिंक, कुणीही बघावी. समोरच्या कुठल्यातरी क्लासच्या माणसाला ती सापडली, आणि त्यानं ती ग्रुपवर टाकली, वर लिहून: होर्डिंग कुणाचं, गुरू कोण? झालं! संध्याकाळपर्यंत मास्तरांच्या ग्रुपवर, पालकांच्या ग्रुपवर, हॉस्टेलच्या ग्रुपवर तेच. "शी! मॅडम!" हा आवाज रिक्षावाल्याच्या फोनमधूनसुद्धा यायला लागला.  तिनं कुणाला दाखवायला हे केलंच नव्हतं. पण आता ती फिर्यादी आणि संगमेश सर आरोपी, असा डाव मांडून लोक मजा बघत होते.

सरांचा फोन आला तेव्हा आवाज बदललेला होता. "मॅडम, तुम्हाला नोकरी पाहिजे होती का आमची अब्रू?"

"सर, अल्लाची शपथ, म्या न्हाई पाठवलं कुणाला."

"मग उद्या या. तो व्हिडिओ वेबसाइटवरून हटवायचाच आहे. शिवानीलाही बोलावलंय नांदेडहून. ती कॅमेऱ्यासमोर सांगेल की ती अकरावीपासून आमच्याकडं होती. तुम्ही बाजूला उभ्या राहा, म्हणजे लोकांची तोंडं बंद होतील. जागा अजून तुमचीच आहे."

पाठोपाठ धोंडप्पांचा फोन. हा माणूस निकालाच्या दिवशी पेढे घेऊन कहकशांच्या दारात आला होता, अब्बांच्या पाया पडला होता. आता त्याला बोलवत नव्हतं. "म्याडम, तुमचे उपकार म्या इसरलो न्हाई. पण शिवानीच्या भावाला, आमच्या सिद्धलिंगला, त्या क्लासात घेतलंय. होर्डिंगला शिवानीचा फोटो दिला म्हणूनच घेतलंय. आता म्हणून राहिले, पोरगी आमची न्हाई तर पोरगाबी आमचा न्हाई. त्याचं वर्ष जाईल हो." मग खालच्या आवाजात, "अन् ते काळीज... आमच्या घरी स्वामी येत्यात, म्याडम. भावकी विचारून राहिली, तुमची पोर बकरं कापाया शिकली का म्हणून. मला तोंड दाखवाया जागा न्हाई."

"शिवानी काय म्हणते?"

"ती काय म्हणंल? ती रडून राहिली."

अब्बा सगळं ऐकत होते. फोन ठेवल्यावर म्हणाले, "नक्को निकालना. अज्याबात न्हाई काढायचा."

"अब्बा, त्या पोराचं वर्ष जाईल."

"अन् तुझी दोन वर्षं? ती कुठं गेली? शिकवलं तू आणि सही दुसऱ्याची? माझ्या जन्माला आलं ते तुझ्याही आणू नको."  जेवण तसंच राहिलं.

कहकशांला दोन्ही बाजू दिसत होत्या, आणि तेच वाईट होतं. व्हिडिओ ठेवला तर नोकरी गेली आणि सिद्धलिंगही गेला. काढला तर आपण शिवानीला शिकवलं ही गोष्ट उद्यापासून अफवा. सगळ्यात जास्त तिला लागलं ते हे, की शिवानीनं स्वतः फोन केला नव्हता. दहा वेळा फोन उचलून बघितला तिनं. नाही.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या वरच्या मजल्यावर एक खोली तयार होती. मागं क्लासच्या नावाचा पडदा, दोन दिवे, कॅमेरा घेऊन एक माणूस. शिवानीला क्लासचा निळा टी-शर्ट घातला होता, ड्रेसवरूनच. भिंतीला धोंडप्पा हात बांधून उभे. मन्मथ सर दाराशी. शिवानीनं कहकशांकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"दोनच वाक्यं आहेत," संगमेश सर म्हणाले. "मी अकरावीपासून याच क्लासची विद्यार्थिनी आहे. बायो मला इथंच समजली. चला."

शिवानीनं सुरुवात केली. पहिलं वाक्य झालं. दुसऱ्याला 'बायो मला' म्हणाली आणि अडकली. पुन्हा. पुन्हा तिथंच. पाणी दिलं. पुन्हा 'बायो मला', आणि डोळे भरले. कॅमेऱ्यावाला वैतागला. संगमेश सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. "अगं, नीटला एवढे मार्क घेतेस आणि दोन वाक्यं बोलता येत नाहीत?" धोंडप्पा पोरीला म्हणाले, "बोल की ग माय," आणि त्यांचा आवाज इतका केविलवाणा होता की मन्मथ सर दाराबाहेर बघायला लागले. मग धोंडप्पांनी कहकशांकडं पाहिलं. काही मागितलं नाही, नुसतं पाहिलं.

कहकशां पुढं झाली. शिवानीसमोर उभी राहिली, कॅमेऱ्याच्या जरा बाजूला.

"शिवानी, इकडं बघ. कॅमेऱ्याकडं न्हाई, माझ्याकडं. श्वास घे. घाई कशाची? सगळं वाक्य एकदम गिळू नको. आधी 'बायो मला' म्हण, थांब, मग पुढचं. चुकलं तरी चालतंय. म्हण."

असंच ती कायम सांगायची. कठीण प्रश्न आला की पोरीचा श्वास अडकायचा, आणि असंच सांगून ती तिला पार न्यायची. शिवानीनं श्वास घेतला. मॅडमकडं बघत, मॅडम हलवतील तसे ओठ हलवत, म्हणाली, "बायो मला... इथंच समजली." एकही अक्षर अडखळलं नाही.

"ओके!" कॅमेऱ्यावाला म्हणाला.

संगमेश सरांनी टाळी वाजवली. त्यांना खरंच आनंद झाला होता. "याला म्हणतात शिकवणं! मॅडम, सोमवारपासून या. ऑर्डर तयार आहे."

कहकशांनं फोन काढला आणि सगळ्यांदेखत तो व्हिडिओ काढून टाकला. वेबसाइटवरून काढला, म्हणजे गावभर फिरणारी लिंकही मेली, आणि फोनमधूनही काढला. मग म्हणाली, "आता बघा सर माझा पोर्टफोलिओ. काय उरलं?"

"बाकीचं भरपूर आहे की."

"शिवानी अकरावीपासून तुमची. बायो तिला इथंच समजली. आत्ता तिनं सांगितलं, तुम्ही कॅमेऱ्यात घेतलं. मग लॉकडाऊनमध्ये म्या काय करत होते? घरी बसून होते. दोन वर्षं घरी बसलेली बाई तुम्ही कशाच्या जोरावर घेऊन राहिलात?"

"मॅडम, असं काय करता? आपल्याला माहीत आहे ना कुणी शिकवलं ते..."

"तुम्हाला माहीत हाय," कहकशां म्हणाली. "म्हणूनच मला यायचं न्हाई."

 शिवानी तो निळा टी-शर्ट डोक्यावरून काढायला लागली, आणि तो तिच्या वेणीत अडकला. आतल्या आत ती हुंदके द्यायला लागली. कहकशांला वाटलं, पुढं व्हावं, सोडवावा. पण तिचा हात पुढं झाला नाही. पोरींवर राग धरू नये असं म्हणतात. म्हणणाऱ्यांचं काय जातं? तिला राग आला होता, आणि चांगलाच आला होता. ती संगमेश सरांकडं वळली.

"सिद्धलिंगचं ॲडमिशन पक्कं ना?"

"पक्कं."

"धोंडप्पांना लिहून द्या, म्या खाली उतरायच्या आत."

त्यांनी लिहून दिलं. धोंडप्पांनी कागद घेतला आणि दोन्ही हातांनी कपाळाला लावला, पण कहकशांकडं बघायचं धाडस त्यांना झालं नाही.

घरी अब्बा दारातच होते. तिनं चप्पल काढायच्या आधी त्यांनी विचारलं, "निकाल दी?"

"हौ, अब्बा. काढला."

"नोकरी?"

"ती पण न्हाई घेतली."

म्हातारा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. नुसतं म्हणाला, "मग आता तू तिला शिकवलंस, हे कशावरून?"

एवढ्या मोठ्या माणसाला तोंडावर बोलून आलेली बाई बापापुढं मटकन खाली बसली. ओढणीचा बोळा तोंडात धरून ती रडली. अब्बांनी समजूत घातली नाही. त्यांना तिचं पटलं नव्हतं, आणि अजूनही पटलेलं नाही.

जूनपासून कहकशां हदगावच्या एका ज्युनिअर कॉलेजात तासिकेवर शिकवते. सोमवारी एस. टी.नं जाते, शनिवारी लातूरला येते. तिथं कुणी पोर्टफोलिओ मागितला नाही. प्रिन्सिपॉलनी एवढंच विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकल घ्याल ना? इथं कुणी घेत न्हाई." सिद्धलिंग क्लासात आहे आणि म्हणे बरा चाललाय. शिवानी नांदेडला आहे. हदगावहून नांदेड काही लांब नाही, पण ती आली नाही, फोनही नाही. काय तोंडानं करावा, असं तिला वाटत असेल.

लोक कहकशांला विचारतात, पोरीवर राग हाय का अजून?

"हाय की," ती म्हणते. "लई हाय. पण डॉक्टर चांगली होईल ती. कळल्याशिवाय पुढं जायची न्हाई कधी."

तुम्हाला कसं माहीत, असं कुणी पुढं विचारलंच, तर ती पर्स उचलते आणि बस आली का ते बघायला लागते.